भावाची बातमी

हंगामात कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर कापसाचे भाव उघडले की बाजार समित्यांच्या लांबलचक यादीत कोरपना हे नाव सापडतं. नावापुढे आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे आकडे असतात. चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाला, पैनगंगेच्या दक्षिण काठावर असलेल्या या तालुक्यात त्या दिवशी कापूस काय भावाने गेला, हे पुण्यात बसलेल्या माणसाला घटकाभरात कळतं. त्याच कोरपन्याच्या आठवडी बाजारात पोतं अंथरून वांगी, भेदरे (टोमॅटो), सांबार (कोथिंबीर), चिंच, मोहफुलं घेऊन बसलेल्या बाईचा भाव मात्र कुठल्याच यादीत नाही. काल गडचांदूरला वांगी कशी गेली, परवा राजुऱ्याला चिंच कोणी कितीने उचलली, हे कळायची तिची सोय म्हणजे शेजारी दुकान लावून बसलेली दुसरी बाई.

हे प्रकरण त्या बाईच्या भावाबद्दल आहे. देशात भावाची माहिती गोळा करणारी यंत्रणा मोठी आहे, तिच्यावर गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळ काम झालं, आणि ती बाजार समितीच्या फाटकाशी येऊन थांबली. फाटकाबाहेरच्या बाजाराला तंत्रज्ञानाचा उपयोग होऊ शकतो असं मला ठामपणे वाटतं. पण त्यासाठी दूरच्या मंडीचे आकडे मोबाइलवर पाठवून भागणार नाही. सुरुवात काट्यापासून करावी लागेल, आणि नोंद त्याच बाजारातली लागेल.

भाव आधी कोणाला कळतो त्यावर पैसा कोणाचा होतो, हे विदर्भाने दीडशे वर्षांपूर्वीच पाहिलं. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. तो सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. त्याच वर्षी मुंबई आणि लंडन समुद्राखालच्या तारेने जोडली गेली. लिव्हरपूलला रुईचा भाव चढला की पडला, हे मुंबईमार्गे वऱ्हाडातल्या पेढीवर कळू लागलं. बंडीत कापूस भरून आलेल्या शेतकऱ्याला मात्र तार येत नव्हती. पुढे १८८६ मध्ये कारंजा इथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा आला. त्यामागे इंग्रजांचा स्वार्थ होता, गिरण्यांना चांगला कापूस हवा होता. तरीही बोली उघड्यावर लागली पाहिजे आणि वजन सर्वांसमक्ष झालं पाहिजे, ही कल्पना या मातीत तेव्हा रुजली. १९६३ चा महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा याच परंपरेतला.

कोरपना त्या वऱ्हाडात नव्हतं. राजुरा तालुका, ज्यातून पुढे कोरपना वेगळा झाला, निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. हद्द बदलली तरी पश्चिमेला आदिलाबाद, नदीपलीकडे वणी, पूर्वेला राजुरा आणि चंद्रपूर, डोंगरावर जिवती हा भूगोल तसाच राहिला. दोन राज्यांचे दोन भाव एका दिवसाच्या अंतरावर असण्याचा अनुभव या पट्ट्याइतका थोड्यांना असेल. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा असा नियम, आणि बाहेर भाव जास्त असला की हद्दीवरचा कापूस रात्रीतून पलीकडे जायचा. आदिलाबादेत काय भाव फुटला, ही बातमी त्या काळात मोबाइलशिवायही गावात पोचत होती. ती पोचायची, कारण तिचा उपयोग करता येत होता: घरात बंडी होती, माल चार दिवस टिकणारा होता आणि नेऊन घालायला दुसरं ठिकाण होतं. भावाच्या माहितीवर जगभर झालेल्या संशोधनाचा गाभा जवळजवळ एवढाच आहे.

आता यंत्रणेकडे येऊ. केंद्र सरकारने मार्च २००० मध्ये अॅगमार्कनेट सुरू केलं. देशभरातल्या बाजार समित्यांनी रोजची आवक आणि दर संगणकावर भरायचे आणि ते सर्वांना दिसायचे. १४ एप्रिल २०१६ ला ई-नाम आलं, त्यात लिलावच संगणकावर नेण्याचा प्रयत्न होता. ग्राहक व्यवहार विभाग शहरांतले किरकोळ भाव रोज गोळा करतो. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात देशातल्या २२,००० ग्रामीण हाटांना ग्रामीण कृषी बाजार म्हणून विकसित करण्याची घोषणा झाली. आठवडी बाजाराला सरकारी कागदावर एवढं महत्त्व त्याआधी क्वचितच मिळालं होतं. ओटे, छप्पर, पाणी यांची गरज होतीच. भावाच्या नोंदीची बाजू मात्र ई-नामशी जोडण्याच्या कल्पनेवर सोडली गेली, आणि दोन टोपल्या चिंच घेऊन आलेल्या बाईला ई-नामचं काय करायचं, हा प्रश्न तसाच राहिला.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. गावच्या बाजारातले किरकोळ भाव सरकार दर आठवड्याला लिहून घेतं. महागाईचा निर्देशांक काढायला २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेसाठी देशातली १,१८१ गावं निवडली होती. तिथल्या भावांच्या नोंदीचं काम आधी टपाल खात्याकडे होतं, नंतर ते सांख्यिकी खात्याच्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांकडे गेलं. म्हणजे गावच्या बाजारात जाऊन, विचारून, लागलं तर तोलून भाव टिपणं जमतं. आपल्याकडे ते वर्षानुवर्षं चालू आहे. पण तो आकडा दिल्लीला जातो, तिथे एका निर्देशांकात मिसळतो आणि रिझर्व्ह बँकेच्या व्याजदराच्या चर्चेत दिसतो. ज्या बाजारातून तो घेतला त्या बाजारात तो परत येत नाही.

बाजार समितीचे आकडे वाचायलाही थोडी सवय लागते, आणि ती कोणी शिकवत नाही. समजा एका दिवशी १०० क्विंटल कापूस आला. त्यातला ५ क्विंटल ७,६०० ने गेला, ८० क्विंटल ७,१०० च्या आसपास आणि उरलेला १५ क्विंटल ओला किंवा कवडी होता म्हणून ६,६०० ने. यादीत जास्तीत जास्त दर ७,६०० दिसेल आणि गावात चर्चा त्याचीच होईल. शेतकऱ्याच्या उपयोगाचा आकडा मात्र सर्वसाधारण दराचा, म्हणजे ज्या भावाने जास्तीत जास्त माल गेला तो. खेडा खरेदीला दारात आलेला व्यापारी ६,८०० म्हणाला, तर त्याची तुलना ७,१०० शी करायची. वाहतूक, हमाली आणि एक दिवस धरून ३०० रुपयांचा फरक परवडतो का ते पाहायचं. व्यापाऱ्याने ओलाव्याचं कारण पुढे केलं, तर भारतीय कापूस महामंडळ ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव धरतं, त्याच्या वर १२ टक्क्यांपर्यंत भाव कापून कापूस घेतं आणि त्यापुढे घेत नाही, हे माहीत असावं लागतं. हातात धरायचं ओलावा मोजणारं यंत्र गावातल्या एका गटाकडे असेल, तर निम्मी घासाघीस तिथेच मिटते. माझ्या मते मोबाइलवरच्या दराइतकंच, कदाचित त्याहून जास्त काम हे छोटं यंत्र करतं.

एवढं झालं कापसाचं. आठवडी बाजारात भावाचं रूपच वेगळं असतं.

सकाळी दुकानं लागतात तेव्हा भाजीवाल्यांचे दोन प्रकार दिसतात. एक चंद्रपूरच्या ठोक बाजारातून पहाटेच्या हर्रासात माल उचलून आलेले. हे आज इथे, उद्या दुसऱ्या गावच्या बाजारात. दुसऱ्या आसपासच्या गावांतल्या बायका, स्वतःच्या वाडीतली वांगी, चवळी, मिरची, आंबाडीची भाजी घेऊन आलेल्या. पहिल्याला ठोक भाव माहीत असतो, कारण त्याने तो मोजलेला असतो. दुसरीला तो माहीत नसतो, म्हणून पहिला काय सांगतो ते ऐकून ती आपला भाव लावते. भवानी होईपर्यंत ती थोडी चढ्या भावावर धरून बसते. दुपारी सिमेंट कारखान्यांच्या वसाहतींकडची गिऱ्हाइकं येतात. आवारपूर, नांदा, उपरवाही, गडचांदूर हा सगळा चुनखडीचा पट्टा, पगारदारांची वस्ती मोठी. ऊन उतरू लागलं की किलोचा भाव संपतो आणि वाटे लागतात.

वाटा म्हणजे दहा रुपयांचा, वीस रुपयांचा ढीग. ‘भेदरे कसे देऊन राहिले, मावशी?’ विचारलं की ‘दहाचा वाटा’ हेच उत्तर पावसाळ्यातही मिळतं आणि हिवाळ्यातही. आकडा हलत नाही. ढिगातले भेदरे सातावरून चारावर येतात, किंवा दहावर जातात. म्हणजे भाव रोज बदलतो, पण तो बोलला जात नाही, दिसतो. घेणाऱ्या बाईला तो नजरेने कळतो, विकणारीलाही कळतो. पण नोंदवहीत ‘भेदरे १० रुपये’ असं लिहिणाऱ्या माणसाला काहीच कळत नाही. त्याने ढीग उचलून काट्यावर ठेवला, ६०० ग्रॅम भरला, तर भाव साडेसोळा रुपये किलोच्या जरा वर झाला. ही साधी गोष्ट विसरून केलेली भावाची अॅप कागदावर छान दिसतात आणि बाजारात पडून राहतात.

दुसरी अडचण मापाची. धान्य, मोहफुलं, चिंच, बोरं अशा कित्येक वस्तू अजून पायलीने, डब्याने, टोपलीने दिल्या-घेतल्या जातात. दाणे मापात कसे भरले, माप हलवून दाबलं का, वर शीग लावली का, यावर वजन बदलतं. खरेदी करणाऱ्याचं माप शिगोशीग आणि विकणाऱ्याचं सपाट, ही तक्रार पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मोहफुलात तर आणखी एक भर: झाडाखाली वेचलेलं फूल रसाने भरलेलं असतं, वाळवल्यावर त्याचं वजन कितीतरी उतरतं. चार दिवस वाळवलेलं आणि दोन दिवस वाळवलेलं फूल एकाच पायलीत, एकाच भावाने जात असेल, तर ज्या बाईने दोन दिवस जास्त राखण केली तिचे ते दोन दिवस फुकट गेले. अशा ठिकाणी ‘मोहफुलाचा भाव ३० रुपये किलो’ असा संदेश मोबाइलवर आला, तरी समोर किलोच नाही.

म्हणून काटा आधी. इलेक्ट्रॉनिक काटा आता स्वस्त झाला आहे आणि बाजारात सर्वत्र दिसतोही, पण तो बहुधा घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या पुढ्यात असतो आणि आकडा त्याच्याकडे तोंड करून असतो. वैधमापन कायद्यानुसार काट्याची वेळोवेळी पडताळणी होऊन त्यावर शिक्का असावा लागतो. शिक्का पाहायची सवय ज्यांना नाही त्यांनीही एक गोष्ट करावी: बंद पाकिटातलं एक किलो मीठ काट्यावर ठेवून पाहावं. त्यापेक्षा सोपी तपासणी नाही. बाजाराच्या तोंडाशी ग्रामपंचायतीने एक पडताळलेला काटा ठेवला, त्यावर कोणीही आपला माल फुकट तोलून न्यावा असं ठरवलं, आणि त्याचा आकडा दोन्ही बाजूंना दिसला, तर कडत्याच्या, म्हणजे वजनातल्या घटीच्या, नावाने होणारी कापाकापी पुष्कळ थांबेल. बाजाराच्या ठेक्यातून पंचायतीला उत्पन्न मिळतं. काट्याचा खर्च त्यातून निघण्यासारखा आहे.

आता भाव कळवल्याने खरंच फरक पडतो का, हे पाहू. या विषयातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण केरळच्या किनाऱ्याचं. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९९७ ते २००१ या काळात, उत्तर केरळात मोबाइलचे मनोरे उभे राहत असताना, तारलीच्या मासेमारीचा अभ्यास केला. मोबाइल येण्याआधी एका किनाऱ्यावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासे समुद्रात फेकले जात आणि काही किलोमीटरवर दुसऱ्या किनाऱ्यावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतत. बोटीवरून फोन करता येऊ लागल्यावर मासळी फेकणं जवळजवळ थांबलं, किनाऱ्याकिनाऱ्यातला भावाचा फरक आटला, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. या निष्कर्षाने जगभरात उत्साहाची लाट आली.

त्याच सुमाराला महाराष्ट्रातही प्रयोग झाले. १९९८ मध्ये कोल्हापूरजवळ वारणा खोऱ्यातल्या ७० गावांत संगणक केंद्रं उभी राहिली. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी त्यातल्या सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरून एसएमएसने तीच कामं करून दाखवली, आणि शेतकऱ्यांना ती पद्धत जास्त सोयीची वाटली. २००७ मध्ये रॉयटर्सने आपली मार्केट लाइट ही सेवा महाराष्ट्रात आणली. पैसे भरायचे, आणि रोज मोबाइलवर आपल्या पिकाचा भाव, हवामान, सल्ला मराठीतून यायचा. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन यांनी राज्यातल्या १०० गावांत तिची रीतसर चाचणी केली. काही गावांतल्या शेतकऱ्यांना सेवा फुकट दिली, काहींना दिली नाही, आणि दोघांना मिळालेल्या भावाची तुलना केली. सेवा घेणाऱ्यांनी सांगितलं की आम्ही हिचा उपयोग करतो. काहींनी विक्रीचं ठिकाण बदललं, काहींनी मालाची प्रतवारी केली. पण सरासरी हाती पडलेल्या भावात नोंद घेण्याजोगा फरक निघाला नाही.

केरळात जमलं आणि महाराष्ट्रात का नाही? मच्छीमाराची बोट त्याची स्वतःची, ती कोणत्याही किनाऱ्याला लागू शकते आणि तिथे बोली लावणारे बरेच असतात. आपला शेतकरी ठरलेल्या एका बाजार समितीत जातो. तिथे उघडा लिलाव होत असेल, तर भाव त्याला तिथेच कळतो. संदेशाने नवं काही सांगितलेलं नसतं. तो बाजारात जातच नसेल, माल दारातच देत असेल, तर त्याला भाव कळूनही दुसरं गिऱ्हाईक नसतं. पश्चिम बंगालमध्ये बटाट्यावर झालेला अभ्यास हेच सांगतो. तिथे शेतकऱ्यांना मंडीचा रोजचा ठोक भाव कळवला, तरी गावात मिळणारा सरासरी भाव वाढला नाही, कारण गावातल्या व्यापाऱ्याशिवाय माल न्यायची वाटच नव्हती. आपल्याकडे त्यात उधारी मिळवा. बियाण्याला, औषधपाण्याला, लग्नाला ज्याच्याकडून पैसे घेतले त्यालाच माल घालायचा असेल, तर भावाची बातमी ऐकून माणूस फक्त कष्टी होतो.

या निराशेत एक वेगळा धागा घानामधून येतो. तिथे न्यूयॉर्क विद्यापीठाच्या यॉ न्यार्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोनफळाच्या जातीचं याम पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना एसएमएसने भाव कळवले. त्यांना मिळणारा भाव काही टक्क्यांनी वाढला. त्याहून नवल म्हणजे ज्यांना संदेश जात नव्हते अशा शेजारच्या शेतकऱ्यांचाही भाव वाढला. समोरच्याला भाव ठाऊक आहे की नाही हे व्यापाऱ्याला कळेना, म्हणून त्याने सगळ्यांनाच बरा भाव सांगायला सुरुवात केली. आठवडी बाजाराला हा धागा फार कामाचा आहे. बाजारातल्या प्रत्येक बाईकडे स्मार्टफोन असण्याची, तिने अॅप उघडण्याची गरज नाही. दहातल्या तिघींना भाव माहीत असला आणि तो कोणाला माहीत आहे हे घेणाऱ्याला ओळखता आलं नाही, तरी पुष्कळ होतं.

मग माहिती कशी पोचवायची? लिहून नव्हे, बोलून. या भागात गोंडी आणि कोलामी बोलणारी घरं मोठ्या संख्येने आहेत. कोलाम हे महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिवासी समूहांपैकी एक. शेजारच्या छत्तीसगडात शुभ्रांशू चौधरी यांनी २०१० च्या सुमारास सीजीनेट स्वर सुरू केलं. साध्या फोनवरून कोणीही आपल्या भाषेत निरोप नोंदवायचा आणि इतरांनी तो ऐकायचा. भावासाठी हाच रस्ता सरळ आहे. बाजाराच्या दिवशी दुपारी बचत गटातल्या दोघी-तिघींनी आठ-दहा वस्तूंचे भाव तोलून घ्यायचे, बाजाराच्या तोंडाशी पाटीवर लिहायचे, आणि अर्ध्या मिनिटाचा बोललेला निरोप मराठी, गोंडी, कोलामीत शेजारच्या गावांच्या व्हॉट्सअॅप गटांवर टाकायचा. ‘आज कोरपन्यात वाळलेलं मोहफूल इतके रुपये किलो, ओलं इतकं, चिंच बियांसकट इतकी.’ उद्या दुसऱ्या गावच्या बाजाराला निघालेली बाई तो ऐकून निघेल. डोंगरावर जिवतीकडे नेटवर्क धड मिळत नाही, पण निरोप एकदा फोनवर उतरला की तो पुढे तोंडातोंडी जातो. उमेद अभियानातून गावोगाव बचत गट उभे आहेत, हिशेब लिहिणाऱ्या बायका तयार आहेत. त्यांना या कामाचं मानधन मात्र द्यायला हवं. फुकटची नोंद चार आठवडे चालते आणि बंद पडते.

एक धोका इथे सांगितलाच पाहिजे. भाव जाहीर करणं नेहमी दुबळ्याच्याच बाजूचं असतं, असं नाही. १९९३ मध्ये डेन्मार्कच्या स्पर्धा प्राधिकरणाने तयार काँक्रीट विकणाऱ्या कंपन्यांचे प्रत्यक्ष व्यवहारातले भाव नावानिशी छापायला सुरुवात केली. स्पर्धा वाढून भाव उतरतील, ही अपेक्षा होती. झालं उलटं: वर्षभराच्या आतच भाव १५ ते २० टक्क्यांनी चढले. कोण गुपचूप सूट देतो हे कंपन्यांना एकमेकांचं दिसू लागलं आणि सूट द्यायचं कारणच उरलं नाही. आपल्या बाजारात घेणारे दोन-तीनच असतील, तर ‘अमुक व्यापाऱ्याने ३२ दिले’ असं पाटीवर लिहिणं म्हणजे त्याला उद्या २८ वर आणायचं आमंत्रण आहे. म्हणून नाव लिहू नये. सर्वसाधारण भाव लिहावा, शेजारच्या बाजारांचा लिहावा, आणि हमीभाव असेल तर तो ठळक लिहावा.

हमीभावाचा मुद्दा आला की मोहफुलाकडे वळावंच लागतं, कारण या जंगलपट्ट्यात भावाचा प्रश्न सगळ्यात जास्त तिथेच टोचतो. मार्च-एप्रिलमध्ये फूल पडतं, घरातली लहानथोर पहाटे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. एकाच वेळी सगळ्यांकडे माल, एकाच वेळी सगळ्यांना पैशाची गरज. घेणारा तेव्हाच येतो आणि स्वस्तात नेतो. पावसाळ्यात तेच फूल महाग होतं, आणि कित्येकदा ज्यांनी विकलं त्यांनाच खायला परत घ्यावं लागतं. थांबून विकावं तर कायदा आड येत होता: दारूबंदी कायद्याखाली मोहफूल साठवण्यावर आणि वाहून नेण्यावर निर्बंध होते. राज्य सरकारने ते २०२१ मध्ये उठवले. वर्षानुवर्षं आदिवासीला भाव न मिळण्याचं एक कारण त्याचं अज्ञान असं सांगितलं गेलं. त्याच्याकडून थांबण्याची मुभाच कायद्याने काढून घेतली होती, हे फार कमी वेळा बोललं गेलं. मुभा परत मिळाल्यावर आता कोरड्या जागेची, पक्क्या कोठीची आणि चार महिने तग धरेल एवढ्या उचलीची गरज आहे. त्यांच्याशिवाय पाटीवरचा जुलैचा भाव एप्रिलमध्ये विकणाऱ्या घराला काही देऊ शकत नाही.

चारोळीचं गणित याहून तिखट आहे. जंगलातून बिया गोळा करून त्या बाजारात येतात, आणि शहरातल्या किराणा दुकानात त्यातला गर हजाराच्या वर किलोने विकला जातो. बी फोडून गर काढायला यंत्र लागतं. ते गावात नसलं, तर बियांच्या भावावरच समाधान मानावं लागतं. केंद्राच्या वनधन विकास केंद्रांची कल्पना, १५ बचत गटांतल्या सुमारे ३०० जणींनी मिळून असं यंत्र चालवायचं, याच जागी बसते. २०१८ मध्ये ती छत्तीसगडातल्या बिजापूरपासून सुरू झाली. एकत्र येण्याचं बळ बांबूत दिसलं आहे. गडचिरोलीत लेखा-मेंढा या गावाने २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या हातात घेतला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने वनहक्क मिळाल्यावर बांबूची विक्री स्वतः सुरू केली. या गावांना चांगला भाव मिळाला तो कोणी कळवला म्हणून नव्हे. माल एकत्र होता, मालकी कागदावर होती आणि परवडत नसेल तर ‘आज देत नाही’ म्हणता येत होतं.

कोरपन्याच्या पाटीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. २०१३-१४ पासून केंद्राची गौण वनोपजासाठी हमीभाव योजना आहे. २०२० मध्ये वाळलेल्या मोहफुलाचा हमीभाव किलोला १७ वरून ३० रुपये झाला, बियांसकट चिंचेचा ३१ वरून ३६, चारोळीच्या बियांचा १०९ वरून १२६. बाजारातला भाव हमीभावाच्या खाली गेला की सरकारी यंत्रणेने खरेदीला उतरायचं, अशी या योजनेची रचना आहे. पण बाजारातला भाव खाली गेला, हे सिद्ध कोण करणार? आठवडी बाजाराची नोंदच नसते, म्हणून खरेदी केंद्र उघडायचं की नाही हे कचेरीतल्या अंदाजावर ठरतं, आणि केंद्र उघडेपर्यंत फूल व्यापाऱ्याच्या गोदामात पोचलेलं असतं. मार्चच्या पहिल्या बाजारापासून दर आठवड्याला तोलून लिहिलेला भाव, तारीख, वस्तू, ओलावा आणि पाटीचा फोटो यांची वही ग्रामसभेकडे असेल, तर २२ रुपयांचा भाव दिसलेल्या आठवड्यातच ती ठराव करून केंद्र मागू शकते. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी दिली आहे, आणि राजुरा, कोरपना, जिवतीतली बरीच गावं त्या क्षेत्रात येतात. वहीला लागतं काय, तर पडताळलेला एक काटा, एक फोन आणि दर बाजाराच्या दिवशी तासभर वेळ देणाऱ्या दोन बायका, ज्यांना त्या तासाचे पैसे मिळतात.